दोन बोटं माया

मास्तरांना टेप लागायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानापुरती. माणूस दुकानाची पायरी चढायच्या आत त्यांनी त्याला डोळ्यांनी मापून टाकलेला असायचा. छाती, कंबर, बाही, सगळं. समोरून एखादा भरल्या अंगाचा गृहस्थ चालला असला, की हातातली सुई न थांबवता मास्तर पुटपुटायचे, "चव्वेचाळीस. आणि पट्टा बांधलाय बेचाळीसचा. गुदमरतोय बिचारा."

शेजारच्या गाळ्यातला मोची म्हणजे मास्तरांचा जानी दोस्त आणि जन्माचा वैरी, दोन्ही एकदम. त्याने एकदा पैज लावली आणि टेप घेऊन खरोखरच एका गृहस्थामागे धावला. मागून कोणीतरी पट्टा फडकावत येतंय म्हटल्यावर गृहस्थ जे पळाले, ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीला धडकूनच थांबले. मोच्याने त्यांना उठवता उठवता माप घेतलं. चव्वेचाळीस! पाव इंचाचा फरक नाही. पैजेचा चहा मास्तर आठवडाभर प्याले, दर कपाला तीन चमचे साखर घालून. ही साखर लक्षात असू द्या, ती पुढे अंगाशी येणार आहे.

मास्तरांच्या शिलाईची आणखी एक ख्याती होती. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे माणूस सुटला तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. बाकीचे शिंपी अर्धं बोट माया सोडतात आणि उपकार केल्यासारखं तोंड करतात. मास्तर दोन बोटं सोडायचे. त्यांनी शिवलेला कोट बापाने लग्नात घालावा आणि पोट सुटल्यावर वाढवून मुलाच्या लग्नातही घालावा, इतकी.

"गिऱ्हाइकांना दोन दोन बोटं माया," त्यांची बायको पडद्याआडून म्हणायची, "आणि घरच्या माणसाला उरलेली चिंधी."

म्हणायची हसतच. पण खोटं नव्हतं. पुढे दुकान, मधे एक जाड पडदा आणि पडद्यामागे दोन खोल्या, असा त्यांचा संसार. त्या दोन खोल्यांत तिने लग्नापासून गिऱ्हाइकांनी नाकारलेले आणि उरल्यासुरल्या कापडाचेच कपडे घातले. मापाच्या वहीत पहिल्या पानावर तिचं माप होतं. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही एकवीस. मुलीच्या जन्मानंतर एकदा घेतलेलं. पुढे मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, वह्या संपल्या, नव्या आल्या. प्रत्येक नव्या वहीत मास्तर पहिल्या पानावर ते तीन आकडे न बघता उतरवायचे. पाढे कोणी बघून लिहितं का?

आणि चार वाजता पाव. हे सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. समोर बेकरी होती. चारच्या भट्टीतला गोल गोड पाव बेकरीवाल्या बाई मास्तरांसाठी बाजूला काढून ठेवायच्या. एकच. बायको तो रुमालात घेऊन यायची, मास्तर मशीन थांबवायचे, ती पावाचे हातांनी दोन भाग करायची आणि वरचा, फुगीर, चकचकीत भाग त्यांना द्यायची. खालचा तिचा. दोघांत मिळून दहा मिनिटं. कधी बोलायचे, कधी नुसतं चावायचे. गिऱ्हाईक आलं तरी त्याला थांबावं लागायचं.

मग मास्तरांच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या. डोळ्यांपुढे सुईचं नाक दोन दिसायला लागलं आणि एके दिवशी त्यांनी एका हेडमास्तरांच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. हेडमास्तर घरी जाऊन पँट घालायला गेले ते पलंगावर आडवे झाले. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, रक्तात साखर आहे की साखरेत रक्त?"

मग डॉक्टरांनी नवीन जेवणाचा कागद लिहून दिला. पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर तर नावालाही नको. खायचं काय? अंडी, लोणी, साय, चीज, मासे, मटण, हिरव्या भाज्या, अक्रोड, बदाम. तूप-तेलाला घाबरायचं नाही. आणि शेवटी अधोरेखित करून लिहिलं होतं: नको ते घरातच ठेवू नका, म्हणजे मोह होणार नाही.

मास्तरांनी हे शेवटचं वाक्य मनावर घेतलं. माणूस मुळात उत्साही. घरी आले आणि बाही वर करून फडताळ रिकामं करायला बसले. तांदळाचा डबा, बटाट्यांची टोपली, साखर, मुरांबा, बिस्किटं, सगळं दोन पिशव्यांत भरून मोच्याच्या गाळ्यात नेऊन आदळलं. मोची म्हणाला, "वा! तुम्हाला आजार झाला की आमच्या घरी सण!"

बायको मधल्या पडद्याला धरून उभी होती.

"सगळंच नेलंत?"

"सगळंच. अर्धवट काही करायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

आता तिचं पित्ताशय दहा वर्षांपूर्वी काढलेलं होतं. इस्पितळाच्या बाकावर दोन दिवस मास्तरच बसले होते. निघताना तिथल्या नर्सने चार वेळा बजावलं होतं, बाईंना फार तेलकट, फार तुपकट चालणार नाही. मास्तरांनी चारही वेळा मान हलवली होती. पिशव्या नेताना ती मान कुठे गेली होती, कोण जाणे.

खरं सांगायचं तर त्या जेवणाने मास्तरांचं सोनं झालं. सकाळी लोण्यात परतलेली तीन अंडी आणि पालक, वर बिनसाखरेची कॉफी, तिच्यावर बोटभर साय. दुपारी कातडीसकट भाजलेली कोंबडीची तंगडी आणि भाताच्या जागी किसून लोण्यात परतलेला फ्लॉवर. संध्याकाळी खरपूस तळलेला मासा, दह्यातली काकडी. सगळं बायको करायची, आणि करायची म्हणजे मन लावून. फ्लॉवर इतका बारीक किसायची, की पहिल्या दिवशी मास्तरांनी भात समजून तिच्यावर डोळे वटारले होते. एकदा तिने जवसाच्या पिठाचा पाव करून पाहिला. तो इतका कडक झाला, की मोच्याने टाचेला मारून बघितला आणि म्हणाला, "वहिनी, असे बारा करून द्या, पावसाळी बुटांना उत्तम."

मधल्या वेळच्या खाण्यासाठी मास्तरांनी बटणांचा जुना पत्र्याचा डबा धुऊन घेतला आणि त्यात बदाम-अक्रोड भरले. बटणांचा नवा डबा त्याच्याच शेजारी. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोटाचं तपकिरी बटण बदाम म्हणून चावलं आणि दाढेचा तुकडा पडला. तरी हसत होते. सहा महिन्यांत पायाच्या मुंग्या गेल्या, सुईचं नाक एकच दिसायला लागलं, पोट आत गेलं. दर महिन्याला स्वतःची पँट उसवून ते एक इंच आत घ्यायचे आणि टेपवर पेनने खूण करायचे. टेपवर खुणांची आगगाडीच झाली.

आणि माणूस बरा झाला की उपदेश करायला लागतो. दुकानात पाय टाकला की सुरू. "साहेब, पाव सोडा. लोणी खा. बघा, बेचाळीसचा मी छत्तीसवर आलो!" एकदा नवरदेवाच्या सुटाचं माप घेता घेता अंड्यांवर असे काही रंगले, की वहीत लिहिलं, छाती चाळीस, कंबर दोन उकडलेली. रस्त्याने त्यांना लोणीमास्तर असं नाव पाडलं. मोची म्हणायचा, "मास्तर, पोट आत गेलं ते दिसलं. पण तोंड बाहेर आलंय, त्याला कुठली शिवण घालणार?"

राहिला चारचा पाव. तो समोर आला की मास्तरांचा जीव कासावीस व्हायचा. दोन दिवस त्यांनी काढले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, तू तिकडे बेकरीतच बाकावर बसून खात जा. माझ्यासमोर नको. आणि आता तर अख्खा पाव तुझा! मजा आहे एका माणसाची."

"मजा कसली," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून चार वाजता रुमाल घेऊन जायला लागली. दहा मिनिटांनी यायची. मास्तर तेवढ्या वेळात डब्यातले पाच अक्रोड आणि चीजचा चौकोनी तुकडा खाऊन घ्यायचे आणि पुन्हा मशीनवर बसायचे. तिने तिकडे पोट भरलं आणि आपण इकडे, असा त्यांचा हिशोब. चोख.

मधून मधून काही गोष्टी झाल्या, त्या मास्तरांना पुढे एकेक करून आठवल्या. मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर पावाचा चुरा पडलेला असायचा आणि चिमण्या जमायच्या. "मुंग्या होतील," म्हणून ते ओरडले होते. एकदा मशीनला पांढऱ्याऐवजी करडा दोरा ओवलेला सापडला. "माझ्या मशीनला हात कोणी लावला?" म्हणून रागावले, कारण धाग्याचा ताण बिघडला की त्यांचं डोकं बिघडायचं. ती म्हणाली, "मी. जरा उसवलं होतं." मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, आई वाळल्यासारखी दिसते हो." त्यावर मास्तर म्हणाले होते, "फोनमध्ये सगळेच तसे दिसतात. मला बघ, मी कसा दिसतो!"

दीड वर्ष असं गेलं. हिवाळा तोंडावर आला. लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, आणि मास्तरांच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट होती. कपाटात वरच्या खणात गडद हिरव्या लोकरीचं कापड गुंडाळून ठेवलेलं होतं. कधीकाळी बायकोने त्यावरून हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, "ह्याचा कोट किती छान होईल." मास्तर म्हणाले होते, करू. त्या 'करू'ला अकरा वर्षं झाली होती. तर ह्या वेळी तिला न सांगता कोट करायचा. माप घेण्याचा प्रश्नच नव्हता. अडतीस, चौतीस, एकवीस.

आठ दिवस खपले. अस्तर रेशमी लावलं. कॉलर हाताने टाचली. शिवणींत दोन बोटं माया तर सोडलीच, आणि घरच्या माणसाचा म्हणून वर अर्धं बोट जास्त. मोच्याने कोट पाहिला आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. नुसता म्हणाला, "हात धुऊन लावू का?"

त्या दिवशी चारच्या आधीच मास्तरांनी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली. बायकोला हाक मारली. "डोळे मीट."

"अहो, काय पोरखेळ आहे?"

"मीट म्हणतो ना."

तिच्या अंगावर सैल जुना गाऊन आणि वर मुलीचं टाकलेलं लोकरी जाकीट होतं. मास्तरांनी मागे उभं राहून तिच्या अंगावर कोट चढवला, पुढे आले, बटणं लावली आणि दोन पावलं मागे सरकले, जसे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सरकून बघतात.

कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. खांदे दंडावर उतरले होते. बाहीतून बोटांची फक्त टोकं दिसत होती. कंबरेशी इतकी ढिलाई होती, की आत आणखी एक माणूस मावला असता.

मास्तरांना आधी वाटलं, आपण चुकलो. आपलं कापणं चुकलं. त्यांनी गळ्यातली टेप ओढली आणि कोट मापला. अडतीस भरला. मग त्यांचे हात थांबले. त्यांनी कोटाची बटणं काढली, टेप आत घातली आणि बायकोला मापलं. तीस वर्षांनी. बत्तीस. कंबर सत्तावीस.

जाकिटाच्या खाली गाऊनच्या दोन्ही बाजू आत घेतलेल्या होत्या. बारीक, सरळ, सुरेख टीप. करडा दोरा.

"तू आत घेतलेस?"

"तुम्ही सकाळी फिरायला जाता ना, तेव्हा." ती हसायचा प्रयत्न करत होती. "शिंप्याची बायको ढगळ कपड्यात फिरली, तर तुमचीच शोभा."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुमचं लोणी मला पचत नाही, दोन घास खाल्ले की पोटात कळ येते, हे? तुम्ही इतके खुशीत होता. बऱ्याच वर्षांनी होता. डॉक्टर म्हणाले होते घरात ठेवू नका. ठेवलं असतं आणि तुमचा हात गेला असता, तर? काकडी खात होते की. उकडलेली भाजी खात होते."

"आणि पाव? रोज चारचा पाव?"

ती कोट काढून घडी घालायला लागली.

मास्तर कडी काढून तसेच रस्ता ओलांडून बेकरीत गेले. दीड वर्षात त्यांनी त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. भट्टी नुकतीच उघडली होती आणि तो वास असा आला, की त्यांना काउंटर धरावा लागला.

"लोणीमास्तर! वाट चुकलात?" बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"बाई, ही रोज इथे येते ना? पाव खायला?"

बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "येतात. बसतात. पण पाव कुठे खातात? पहिले काही महिने घेतला. अर्धा खायच्या, अर्धा रुमालात बांधायच्या. म्हणायच्या, ह्यांनी मागितला तर असू दे. मग विचारायला लागल्या, अर्धाच देता का? मी म्हटलं, वहिनी, अर्धा पाव मी कसा विकू, उरलेला कोण घेणार? मग म्हणाल्या, राहू दे, एकटीच्या घशाखाली उतरत नाही. वर्ष झालं त्याला. आता नुसत्या दहा मिनिटं बसतात. मी चहा देते तेवढा घेतात." बाईंनी ट्रे पुन्हा उचलला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तर रस्त्यावरच्या माणसाची कंबर ओळखता."

मास्तरांनी एक पाव घेतला आणि रुमाल नव्हता म्हणून दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडला. मोची दारात होता. त्याने मास्तरांचा चेहरा पाहिला आणि पायरीवरचे बूट उचलून वाट मोकळी केली.

दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर. बायकोचं रक्त कमी निघालं, हाडं ठिसूळ निघाली. डॉक्टर मास्तरांना म्हणाले, "अहो, तो कागद तुमच्यासाठी होता. घरासाठी नव्हता."

"अधोरेखित केलं होतंत," मास्तर म्हणाले. पण त्यांनाच ते पटलं नाही.

तांदूळ, बटाटे, साखर, मुरांबा, सगळं परत आलं. मास्तर स्वतः भात शिजवायला शिकले. पहिले आठ दिवस त्याची खळच व्हायची, कपड्याला लावण्याजोगी. एका बर्नरवर त्यांची अंडी, दुसऱ्यावर तिचा भात. पण तिचं पोटच लहान झालं होतं. चार घास खाल्ले की ताट सरकवायची. "ह्या वयात गेलेलं सगळं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले, "येईल तेवढं येईल."

कोट लहान करावा लागला. शिंप्याच्या दृष्टीने सोपं काम. आत घ्या आणि जादा कापड कापून टाका. मास्तरांनी आत घेतलं. पण कात्री उचलली आणि पुन्हा ठेवली. सगळं कापड त्यांनी शिवणींच्या आतच राहू दिलं, पाठीत, दोन्ही कुशींत, खांद्यांत, हाताने टाचून.

"किती जड झालाय," ती कोट घालून म्हणाली. "आतून टोचतो पण. कापून टाका ना ती माया."

"राहू दे. लागेल."

पहिल्या वर्षी कुशींतून अर्धं बोट सोडता आलं. मास्तरांनी ते सबंध रस्त्याला सांगितलं, मोच्याला तर दोनदा. पुढच्या वर्षी काही सोडता आलं नाही. पाठीतली शिवण तर उसवावीच लागली नाही.

चार वाजता आता दोघं बेकरीच्या बाकावर बसतात. मास्तरांजवळ बदाम-अक्रोडांचा डबा असतो. ती पावाचे दोन भाग करते आणि सवयीने वरचा, चकचकीत भाग त्यांच्यापुढे धरते. डॉक्टरांनी त्यांना शर्टाच्या बटणाएवढा तुकडा खायची परवानगी दिली आहे. तेवढा मोडून ते तोंडात ठेवतात आणि बराच वेळ चघळतात. बाकीचा अर्धा ती रुमालात बांधते. चिमण्यांना माहीत झालं आहे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकान उघडायच्या आधी मास्तर तिला पडद्यापाशी उभी करतात आणि टेपने मापतात. ती कंटाळते.

"अहो, डोळ्यांनी सांगा की. सगळ्या रस्त्याचं सांगता."

"तुझं नाही येत गं," मास्तर म्हणतात आणि टेपचं टोक शोधत तिच्यामागे जातात.